फळ्यावरचं नाव

“दोन सरजा. एक मोठा, एक छोटा. आणि मसाला शेंगदाणे.”

काचेचं दार नीट लागलं नव्हतं, म्हणून हे वाक्य आत आलं. धम्मशीला गमबूट घालून टाकीखालची फरशी धूत होती. हातातली नळी तशीच चालू राहिली आणि पाणी एकाच जागी पडत राहिलं. आधी तिला वाटलं, कान वाजले. भाड्याच्या खोलीत एकटीनं राहून तिला कधीकधी असं व्हायचं, कुकरच्या शिट्टीतून कुणीतरी ‘शीले’ म्हणून हाक मारल्यासारखं. पण बाहेर वेटरनं ती ऑर्डर मोठ्यानं पुन्हा म्हटली, दोन सरजा, आणि काउंटरपलीकडून आणखी कुणीतरी ती झेलली. तिच्या आईचं नाव तीन परक्या तोंडांतून फिरून तिच्यापर्यंत आलं. तिनं नळ बंद केला. रविवारची दुपार होती. बालेवाडीच्या त्या ब्रूपबमध्ये रविवारी दुपारी माणसं लेकराबाळांसकट यायची; मोठी माणसं बिअर घ्यायची आणि लेकरं काचेला नाक लावून आतल्या चकचकीत टाक्या बघायची. बिअर इथंच बनते हे गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून बनवायची जागा मुद्दाम काचेमागं ठेवलेली होती. धम्मशीलेला दोन वर्षांत त्याची सवय झाली होती. कुणी फोटो काढला तर ती पाठ वळवायची, एवढंच. आज मात्र तिनं काचेतून बाहेर पाहिलं आणि काउंटरवरच्या काळ्या फळ्यावर तिची नजर खिळली. गव्हाची बिअर, काळी बिअर, आंब्याची बिअर, आणि खाली हिरव्या खडूनं काढलेलं ज्वारीचं कणीस. त्याच्या शेजारी वळणदार अक्षरांत: ‘सरजा. परभणीच्या ज्वारीची. फक्त आमच्याकडे.’

कालपर्यंत तिथं ‘ज्वारी, नवीन’ एवढंच होतं. बाहेर जावं आणि ओल्या तळव्यानं ते पुसून टाकावं असं तिच्या हातांना वाटलं. खरोखर हातांनाच वाटलं, कारण डोकं अजून तिथपर्यंत पोचलंच नव्हतं. पण ती जागची हलली नाही. खिडकीजवळच्या टेबलावर चष्मा घातलेला एक माणूस तो मोठा ग्लास उजेडात धरून बघत होता. त्यानं घोट घेतला, डोळे मिटले, आणि बायकोला म्हणाला (ओठांवरून कळलं), मस्त आहे सरजा. धम्मशीलेला एकदम अभिमान वाटला. ती बिअर तिची होती, तिनं आठ वेळा बिघडवून नवव्यांदा जमवलेली. त्या अभिमानाच्या मागोमाग फळ्यावरचं नाव पुन्हा दिसलं आणि ती टाकीला टेकून उभी राहिली. टाकी गार होती. आत ज्वारीची हळूहळू दारू होत होती.

नाव तिनंच दिलं होतं. म्हणजे दिलं नव्हतं, सांगितलं होतं. पबच्या मालकीण राजेश्री मॅडम; पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या, सगळ्यांशी मायेनं बोलणाऱ्या. पहिली ज्वारीची बिअर चाखल्यावर त्यांनी धम्मशीलेचे दोन्ही हात धरले होते आणि विचारलं होतं, कुठून आणलीस ही ज्वारी? माझ्या आईची आहे. आईचं नाव काय गं? सरजाबाई. इतकंच. त्या वेळी टाकीच्या पंपाचा आवाज चालला होता आणि तिला वाटलं होतं, नाव त्या आवाजात विरून गेलं असेल.

ज्वारी खरोखर आईचीच होती. दरवर्षी रबीची ज्वारी निघाली की आई भाकरीपुरती ज्वारी एका पोत्यात भरून, तोंड सुतळीनं शिवून, सेलूहून पुण्याच्या गाडीत ठेवून द्यायची. एकट्या बाईला भाकरी किती लागते? पोतं खोलीत पडून राहायचं. एका सुट्टीला धम्मशीलेनं त्यातली थोडी भिजवली, ओल्या गोणपाटावर पसरली, आणि खोलीभर मोडांचा ओला, कच्चा वास सुटला. तो वास घेत ती दिवसभर गादीवर पडून राहिली होती. त्यात गावाकडच्या माजघरातल्या अंधाराचा वास होता. आई आंबील करायची, रात्री ज्वारीचं पीठ ताकात कालवून गाडग्याला फडकं बांधायची, आणि सकाळी फडकं सोडलं की जो आंबूस वास यायचा, त्याच्याच घरातला हा वास. पीठ रात्रीतून कोण बदलतं, हे लहानपणी तिनं आईला विचारलं होतं. आई म्हणाली होती, “त्याचं तेच बदलतं. आपुन झाकून ठिवायचं आन् खामोश बसायचं.” परभणीच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र घेताना तिच्या डोक्यात ते फडकं बांधलेलं गाडगं होतं. पुढं त्या मोडांना तिनं वाळवलं, भाजलं, मुळं चोळून काढली, मग ती ज्वारी बार्लीत मिसळली, आणि शेवटी या टाकीत घातली. तेव्हा तिला चोरी केल्यासारखं वाटलं नव्हतं. आता वाटत होतं.

घरी कुणालाच माहीत नव्हतं. ती खोटं बोलली होती असं नाही. पुण्यात आली तेव्हा ती खरोखरच मसाले आणि लोणची बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत होती, आणि आईनं गावात सांगितलं होतं, पोरगी खायच्या वस्तूतले जंतू तपासती. नंतर तिनं नोकरी बदलली आणि पुढचं सांगितलं नाही. फोनवर आई विचारायची, काम कसं चाललंय? बरं चाललंय. जंतू सापडतेत का? सापडतात की. आणि दोघी हसायच्या. हे हसू तिला गोड लागायचं आणि फोन ठेवल्यावर नकोसं व्हायचं.

कारण तिची आई कुणी साधी बाई नव्हती. वालूरच्या पुढं फाट्यावर उतरून चालत गेलं की जे गाव लागतं, तिथं सरजाबाईला ओळखत नाही असं माणूस नव्हतं. धम्मशीला शाळेत होती तेव्हा तिचे वडील, सिताराम, सेलूच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. संध्याकाळी मिशीत कापसाचे तंतू घेऊन यायचे आणि घरी न येता फाट्यावरच्या देशीच्या दुकानात बसायचे. त्यांना बोलवायला तिलाच पाठवत. दुकानाला पत्र्याचं शेड होतं, ओली जमीन, उकडलेल्या हरभऱ्याची टरफलं, आणि संत्र्याचा एक खोटा, गोडसर, नाकात चढणारा वास. ती आबा, चला, म्हणून दारात उभी राहायची आणि तो वास आत ओढायची. तिला तो वास आवडायचा. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा फारसं नाही. मग एका वर्षी आईनं वस्तीतल्या बाया जमवल्या, मग मराठ्यांच्या गल्लीतल्या, मग सगळ्याच. मोर्चे झाले, अर्ज झाले, एका रात्री घरावर दगडं आली. शेवटी बायांचं मतदान झालं आणि आडवी बाटली, म्हणजे दारूबंदी, जिंकली. दुकान उठलं. सिताराम आठ दिवस थरथरत घरात पडून होते आणि आई त्यांच्या उशाशी बसून होती, एका हातानं त्यांचं कपाळ दाबत आणि दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट खाटेला धरून. त्यानंतर ते प्यायले नाहीत. पण बोलायचेही कमी झाले. जणू दोन्ही गोष्टी एकाच नळानं बंद झाल्या होत्या.

आणि आता फळ्यावर सरजा होती. छोटा ग्लास, मोठा ग्लास.

सोमवारी पब बंद असतो. राजेश्री मॅडम रिकाम्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसल्या होत्या. धम्मशीला समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, ते नाव बदला.”

“का गं? सगळ्यांना आवडलंय. काल अर्धी टाकी गेली.”

“माझ्या आईचं नाव आहे ते.”

“म्हणून तर!” मॅडमनी खुर्ची पुढं सरकवली. “बस. अगं, हा तुझ्या आईचा सन्मान आहे. या शहरात दर चौकात एक ब्रुअरी आहे. सगळे जर्मनीची नाहीतर बेल्जियमची नावं लावून बसलेत. आपल्याकडे शेतात राबणारी एक खरी बाई आहे. मी तर ठरवलंय, पुढच्या आठवड्यात आपण सगळे तुझ्या गावाला जाऊ. कॅमेरा घेऊन. तू, आई, शेत. पाच मिनिटांची फिल्म.”

धम्मशीलेला खोलीची हवा कमी झाल्यासारखी वाटली. टाकीत उतरण्याआधी हवा तपासतात, नाहीतर तळाशी साचलेल्या वायूत माणूस न कळत गुदमरतं. तिला तसं वाटलं, टाकीच्या बाहेर, खुर्चीत बसून. आता सांगितलंच पाहिजे, म्हणजे सुटका होईल. आणि तिनं सांगितलं. दुकान, आबा, बायांचं मतदान, दगडं, जंतू तपासणारी पोरगी, सगळं. सांगताना तिचा आवाज दोनदा फाटला. मॅडमनी लॅपटॉप मिटला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, खरं पाणी, आणि त्यांनी ते बोटांनी टिपलं. धम्मशीलेला वाटलं, झालं, समजलं यांना.

“धम्मा,” त्या हळूच म्हणाल्या, “हे केवढं मोठं आहे, कळतंय का तुला? आईनं दुकान बंद केलं आणि मुलगी बिअर बनवते. त्याच मातीतल्या ज्वारीची. हे आपण सांगायलाच हवं.”

त्या तिचा हात थोपटत होत्या. त्यांच्या स्पर्शात लबाडी नव्हती. असती तर बरं झालं असतं, असं धम्मशीलेला वाटलं. लबाड माणसाचा हात झटकता येतो. तिच्याजवळ एकच गोष्ट होती जी या काचेच्या बाहेर होती, आणि ती तिनं आत्ताच आपल्या हातानं आत आणून ठेवली होती.

“मी आधी एकटी जाऊन येते,” ती म्हणाली. “आईला विचारून.”

“जा ना. आणि येताना नवी ज्वारी घेऊन ये. जास्तीची.”

त्याच रात्री ती अंगावरच्या कपड्यांनीच गाडीत बसली. थंडी होती म्हणून कामाचं जाड जाकीट घातलं होतं. प्रवासभर तिनं आईशी बोलायची वाक्यं जुळवली. माय, मी नोकरी बदलली. नको. माय, ते आंबिलीसारखंच असतं. माय, तिथं प्यायला येणारी माणसं वेगळी असतात, ती मोटारीनं येतात, रस्त्यावर पडत नाहीत, बायकोला मारत नाहीत. हे वाक्य तिनं मनातल्या मनात म्हटलं आणि तिला त्याची शिसारी आली. मारत नाहीत हे तिला काय माहीत? घरी गेल्यावर काय होतं ते काचेतून दिसत नाही. जालना गेलं, परतूर गेलं, उजाडायला लागलं. रुळांच्या दोन्ही बाजूंना काढणीला आलेली ज्वारी उभी होती, काही ठिकाणी आडवी पाडलेली, आणि कणसं खुडून झालेला कडबा पेंढ्या बांधून ठेवलेला. ही सगळी ज्वारी तिला आता नुसती ज्वारी दिसत नव्हती. हिला मोड किती दिवसांत येतील, हिची बिअर किती गोडसर होईल, हा विचार तिच्या मनात आपोआप येत होता. तिनं डोळे मिटून घेतले तरी तो येतच राहिला.

सेलूला उतरून बस, बसमधून फाटा. दुकान होतं तिथं आता खताचं गोदाम आहे. घराच्या अंगणात सिताराम खाटेवर बसले होते. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला. ते उठले, बॅग घ्यायला पुढं आले, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर थांबले. त्यांच्या नाकपुड्या हलल्या. धम्मशीलेनं ते पाहिलं. क्षणभर त्यांच्या डोळ्यांत एक फार जुनी, भुकेली ओळख येऊन गेली, रस्त्यात खूप वर्षांनी दोस्त भेटावा तशी. आणि मग भीती.

“आबा?”

“वास हाय तुझ्या कपड्याला.”

“कशाचा?”

“ते मला नको इचारू, बाई.” त्यांनी बॅग घेतलीच नाही. दोन्ही हात धोतराला पुसले, जणू हात लागलाच होता. “ते जाकिट भाईर ठिव. लांब. तिकडं बाभळीवर टाक.” आणि ते हापश्याकडं चालू लागले. धम्मशीलेनं पाहिलं, ते हापश्याखाली डोकं घालून उभे होते आणि एका हातानं स्वतःच दांडा हापसत होते, त्या गारठ्यात, कितीतरी वेळ. माझ्या कपड्यांनी हे झालं. तिनं जाकीट बाभळीच्या काट्यांत अडकवलं. आईपुढं उभं राहून बोलणी खाणं एवढंच या घरात होईल असं ती धरून चालली होती. दुसऱ्या कुणाच्या अंगात काय झोपलेलं आहे हे ती विसरली होती. जंतू झोपून राहतात, वर्षानुवर्षं, कोरडे. ओल मिळाली की उठतात. हे तर तिचंच शिक्षण.

आई घराच्या मागच्या बाजूला ज्वारी पाखडत होती. सुपातून दाणे वर उडायचे, कोंडा वाऱ्यावर जायचा, दाणे परत सुपात पडायचे. शेजारी अर्धं भरलेलं पोतं, आणि सुतळी ओवलेलं दाभण.

“आलीस? फोन न्हाई, काई न्हाई. बरं झालं, आता पाठवायचा ताण न्हाई, संगंच घिऊन जा. औंदा ज्वारी लय झाक झाली बग.” तिनं मूठभर दाणे धम्मशीलेच्या हातात ठेवले. टपोरे, मोत्यासारखे. “काय झालं? तोंड का असं?”

गाडीत जुळवलेल्या वाक्यांतलं एकही तिला आठवेना. “माय, मी ज्या कंपनीत आहे तिथं दारू बनवतात,” ती म्हणाली. “बिअर. मीच बनवते.”

सूप थांबलं.

“मागच्या वर्षीच्या ज्वारीची मी बिअर बनवली. लोकांना आवडली. आणि मालकिणीनं तिला तुझं नाव दिलंय.”

आई सुपातल्या दाण्यांकडं बघत राहिली. एक चिमणी खाली उतरून पोत्याच्या कडेला टोचायला लागली. आईनं तिला हाकललं नाही.

“माज्या ज्वारीची?”

“हो.”

“मी शिवून दिल्याली.”

“हो, माय.”

“तू पितीस?”

“चाखावी लागते. कामच आहे ते.”

“म्हंजी पितीसच की.” आईचा आवाज चढला नव्हता, धम्मशीला तो चढायची वाट बघत होती. “आन् नाव माजं कशापायी? माजं नाव का शिशीवर घालायचं व्हतं?”

“मी नाही घातलं. मी फक्त सांगितलं होतं, ज्वारी आईची आहे.” आणि मग, आपण हे म्हणू नये हे कळत असताना, ती म्हणाली, “माय, ते आंबिलीसारखंच असतं गं. तूच शिकवलंस. पीठ झाकून ठेवायचं आणि…”

“आंबिलीनं कुणाचं घर बसलं न्हाई, शीले.”

धम्मशीलेनं मूठ घट्ट मिटली. दाणे तळव्यात रुतले. तिला सांगावंसं वाटलं की मला ते काम आवडतं. की त्या टाक्यांमध्ये काय होतंय ते मला कान लावून कळतं, आणि तेवढ्या वेळापुरतं मला कुणाचीच भीती वाटत नाही. की पुण्यात मुलाखतीला आलेल्या बारा जणांतून मला घेतलं, आणि तिथं कुणी माझं आडनाव दुसऱ्यांदा विचारलं नाही. हे सगळं खरं होतं. आणि बाभळीवर ते जाकीट लटकत होतं, हेही खरं होतं.

“नाव काढाया सांग,” आई म्हणाली. “आत्ता. माज्या म्होरं.”

तिनं फोन लावला. आईसाठी स्पीकर चालू केला. फोन उचलल्या उचलल्या राजेश्री मॅडम म्हणाल्या, “बोल गं, आई तयार झाली?”

“मॅडम, फळ्यावरचं नाव काढा. फिल्म होणार नाही. नाव राहिलं तर मी परत येणार नाही.”

मग मॅडम अगदी सहज म्हणाल्या, “बरं. इतकं लागलं असेल तर काढते. दुसरं काहीतरी ठेवू. तू शांत हो आधी. गुरुवारी टाकी भरायची आहे, तेवढी तू हवीस. आणि ज्वारी विसरू नकोस.”

फोन बंद झाला. इतकं सोपं होतं ते. आपण जिंकलो असं वाटायला हवं होतं. पण दार ढकलावं आणि ते आधीपासून उघडंच असावं, आणि पलीकडं पुन्हा तीच खोली, तसं तिला वाटलं. नाव गेलं. टाकी होती, गुरुवार होता, आणि गुरुवारी आपण तिथं असू हेही तिला आत्ताच, आईसमोर उभं असताना, ठाऊक होतं. आईलाही ते कळलं असावं.

“जाशील तू,” आई म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

धम्मशीलेनं मुठीतले दाणे सुपात सोडले.

“जा. तुजं पोट तुज्या हातात हाय. मी कोण आडवणार. पर माजी ज्वारी न्हाई मिळायची.” आईनं पोतं दोन्ही हातांनी उचलून घरात नेलं. जड होतं, धम्मशीला मदतीला वाकली तेव्हा आईनं कोपरानं तिला बाजूला केलं. मग बाहेर येऊन तिनं तेच सूप पुन्हा हातात घेतलं, आणि न पाखडता नुसतीच बसून राहिली. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “मागल्या साली माळाच्या तुकड्यातली व्हती ती. मी डोईवर घागरी वाहून जगवली व्हती.”

ती माघ पौर्णिमा होती. पौर्णिमेला वस्तीतल्या बाया संध्याकाळी विहारात जमायच्या. धम्मशीलेला वाटलं होतं, आज आई आपल्याला घरी ठेवून जाईल. पण आईनं पांढरं लुगडं नेसलं, ट्रंकेतून एक पांढरी साडी काढून तिच्या अंगावर टाकली आणि एवढंच म्हणाली, “चल.” सिताराम आले नाहीत. ओल्या डोक्याला टॉवेल गुंडाळून ते खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते.

विहार म्हणजे सिमेंटची एक खोली, निळा रंग दिलेली, ट्यूबलाइटच्या उजेडात. मूर्तीपुढं मेणबत्त्या लावल्या. बाया दाटीनं बसल्या. म्हातारी तानुबाई भिंतीला टेकून पुढंच. दोघीतिघींनी धम्मशीलेच्या गालावरून हात फिरवला, पुण्याचं पाणी मानवलंय म्हणाल्या. पुढं सांगायचं काम सरजाबाईचं होतं. कित्येक वर्षं तेच होतं. ती एक ओळ म्हणायची आणि बाया तिच्या मागून म्हणायच्या. तिचा आवाज थोडा घोगरा पण उंच होता. त्रिशरण झालं. मग पंचशील. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही. एक एक ओळ जात होती आणि धम्मशीला त्या मनात मोजत होती, कारण पाचवी ओळ येत होती. दारूची, नशेची. दुकान उठवलं त्या वर्षापासून आई पाचव्या ओळीला नेहमी आवाज चढवायची, इतका की विहाराबाहेर बसलेल्या गड्यांना ऐकू जावा. बायाही मग तसंच ओरडून म्हणायच्या आणि त्यात त्यांना मोठी मजा वाटायची. आता आई तो आवाज माझ्यावर सोडेल. धम्मशीलेनं मान खाली घातली आणि हात जोडलेलेच ठेवले. आईनं यासाठीच आणलंय मला. सोडू दे. एकदाचं होऊन जाऊ दे.

चौथी ओळ झाली. बायांनी ती म्हटली. आणि मग काहीच आलं नाही.

धम्मशीलेनं डोळे वर केले. आई मूर्तीकडं बघत होती. ओठ उघडे होते, हात जोडलेले होते, गळ्याची शीर ताठ झाली होती. बाया थांबल्या. कुणाच्या तरी मांडीवरचं लेकरू कुरकुरलं. बायांना वाटलं असावं, ठसका लागला, दम घेते. मेणबत्तीची ज्योत एकदा हलली आणि सरळ झाली. आईच्या ओठांतून नुसती हवा बाहेर आली, शब्द नाही. मग तानुबाईनं, दात नसलेल्या तोंडानं, ती ओळ उचलली. बायांनी तिच्या मागून म्हटली, सवयीप्रमाणे जोरात, हसऱ्या आवाजात. सगळ्या विहारात दोघींचीच तोंडं बंद होती. पुढची वंदना आईनंच सांगितली, न चुकता, शेवटपर्यंत.

खीर वाटून झाली. बाया उठल्या. तानुबाई जाता जाता आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “आवाज बसला का गं, सरजा?”

“व्हय,” आई म्हणाली, “बसला.”

“हळद-दूध घे रातच्याला.”

सगळ्या गेल्या. आई जागची उठली नाही. धम्मशीला तिच्याजवळ गेली. तिला आईच्या पाया पडावंसं वाटत होतं, आईनं मारावं असं वाटत होतं, काहीही, पण काहीतरी व्हावं असं वाटत होतं. “माय, चल ना.”

“तू हो म्होरं.”

ती बाहेर आली. पायरीपाशी आता दोघींच्याच चपला उरल्या होत्या. तिनं आपल्या पायात घातल्या आणि तिथंच पायरीवर बसली. पुढं जायचं तर घरी आबा होते, भिंतीकडं तोंड करून. मागं जायचं तर आई होती. वस्तीतून भाकरी थापल्याचे आवाज येत होते, कुठं टीव्ही चालू होता. आतून आईचा आवाज आला, एकदम हळू, कुणालाही ऐकवायचा नसलेला. ती पहिल्यापासून म्हणत होती. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, चौथी. पाचवीचा पहिला शब्द तिनं घेतला आणि आवाज तुटला. थोडा वेळ गेला. मग तिनं पुन्हा पहिलीपासून सुरू केलं.